बगळा कोणता, तुतवार कोणता: सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांची ओळख

पक्ष्याची ओळख चुकते ती बहुतेक वेळा रंगावर भिस्त ठेवल्यामुळे. कोवळ्या उन्हात पांढरा बगळा पिवळसर दिसतो, ढगाळ आभाळासमोर तपकिरी घार काळी दिसते आणि चिखलातून चालून आलेल्या पक्ष्याच्या पायांचा रंग तर सांगताच येत नाही. शिवाय विणीच्या हंगामात चोच, पाय आणि डोळ्याजवळची उघडी कातडी यांचे रंग पालटतात, पिल्लांचा पिसारा निराळा असतो आणि पिसे गळत असताना मोठा पक्षीही ओळखू येईनासा होतो. जबड्याची रेघ कुठे संपते, चोच डोक्याच्या मानाने केवढी, बसलेल्या पक्ष्याची शेपूट पंखांच्या टोकापुढे जाते की नाही, या गोष्टींना ऊन लागत नाही. म्हणून इथला क्रम ठरलेला आहे: आधी ठेवण, मग वागणूक, मग एखादी पक्की खूण, आणि रंग सगळ्यांत शेवटी.

पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बघायचे

पक्षी दिसल्याबरोबर पुस्तक उघडू नका. पुस्तकात डोके घातले की तेवढ्यात पक्षी उडतो, आणि मग चित्रातल्या खुणा आठवणीत शिरतात. न पाहिलेली भुवई "होती बहुतेक" वाटू लागते. आधी फक्त पाहा, आणि पुढच्या क्रमाने पाहा.

१. आकार, पण सेंटिमीटरमध्ये नव्हे, तर ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने. चिमणी सुमारे १५ सेंमी, साळुंकी २३ ते २५, पारवा ३३, कावळा ४०, घार ६०. "साळुंकीपेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा" एवढे ठरले तरी यादी एकदम आखूड होते. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तरच या मापावर विश्वास ठेवा. मोकळ्या पाण्यावर किंवा आभाळात एकटा असलेल्या पक्ष्याचा आकार डोळा हमखास चुकवतो. दुर्बिणीतून तर जास्तच, कारण तिच्यात अंतरे चपटी होतात आणि मागचा पक्षी पुढच्यापेक्षा मोठा भासतो.

२. चोच: डोक्याच्या मानाने किती लांब, बुडाशी जाड की बारीक, सरळ, वाकडी की टोकाला आकडी.

३. शेपूट आणि पंख: शेपटीचे टोक गोल, चौकोनी की दुभंगलेले. बसलेला असताना पंखांची टोके शेपटीपर्यंत पोचतात का.

४. चेहरा: भुवई आहे का, ती डोळ्यापुढेच संपते की मागे जाते, डोळ्याभोवती कडे आहे का.

५. पाय, आणि शक्य असेल तर बोटे.

६. काय करतोय: शेपूट हलवतो, पाण्यात पाय ढवळतो, एका जागी थिजून उभा राहतो की सारखा धावतो.

७. उडताना पंखांवर, पुठ्ठ्यावर (शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या खालच्या भागावर) आणि शेपटीवर दिसणारे पांढरे. हे बहुधा पक्षी निघून जाताना एकदाच दिसते. उडण्याच्या बेतात असलेल्या पक्ष्यावरून दुर्बीण काढू नका.

हे झाले की वहीत चार ओळी आणि एक ओबडधोबड आकृती. चित्रकला येण्याची गरज नाही. अंडाकृती शरीर, वर डोके आणि बाणाने दाखवलेल्या खुणा पुरतात. आकृती काढायला बसले की काय पाहायचे राहून गेले तेही लगेच कळते.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिमी रुंद) घ्यावी. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दृश्याचा घेर लहान होतो. झुडपात उड्या मारणारा वटवट्या १०× मध्ये सापडेपर्यंत गायब झालेला असतो. पहाटे आणि संध्याकाळी ८×४२ जास्त उजळही दिसते, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद असतो (४२ भागिले ८), तर १०×४२ मध्ये ४.२ मिमी.

पांढरे बगळे

शिकण्याची खरी जागा हीच, कारण इथे रंगाचा उपयोग जवळजवळ शून्य आणि पक्षी मात्र तासन्‌तास समोर उभा.

आधी बगळा हा बगळाच आहे याची खात्री करा. उडणारा पांढरा, लांब मानेचा पक्षी मान आखडून, "एस" आकारात दुमडून चालला असेल तर तो बगळा. मान पुढे ताणून उडत असेल तर तो चमचा किंवा पांढरा कुदळ्या. बगळ्यांच्या मानेचा सहावा मणका लांबट आणि वेगळ्या घडणीचा असतो. त्याच जागी मानेला कोन पडतो, त्यातूनच मान झटक्यात पुढे फेकता येते आणि उडताना घडीही घालता येते.

गायबगळा सगळ्यांत सोपा. आखूड जाड पिवळी चोच, आखूड मान, कुबड काढून उभे राहण्याची ढब. बाजूने पाहिले तर हनुवटीखालची पिसे चोचीखाली पुढे आलेली, जबडा सुजल्यासारखा. विणीच्या काळात डोके, मान आणि पाठीवर नारिंगी-पिवळसर रंग येतो, तेव्हा प्रश्नच उरत नाही. फसवतात ती घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले. त्यांची चोच काही दिवस काळपट असते आणि "काळी चोच म्हणजे छोटा बगळा" एवढेच पाठ केलेला माणूस तिथे चुकतो. अशा वेळी त्या सुजऱ्या जबड्याकडे पाहा.

छोट्या बगळ्याची चोच काळी, बारीक, खंजिरासारखी. पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू पायमोजे. पण पंजे पाण्यात असतील तर ते दिसतच नाहीत आणि चिखलात बरबटले तरी नाही. उडताना किंवा चालताना पाऊल उचलेपर्यंत थांबा. वागणूकही मदतीला येते. उथळ पाण्यात एक पाय थरथरवत गाळ ढवळायचा, मासा हलला की धावत जाऊन टिपायचा, ही धांदल छोट्या बगळ्याचीच. मोठा बगळा असा धावपळ करताना क्वचित दिसेल. विणीत याच्या डोक्यामागे दोन लांब, रिबिनीसारखी पिसे लोंबतात.

आता खरी अडचण: मोठा बगळा की मध्यम बगळा. पुस्तके आकार सांगतात, पण एकटा उभा असलेल्या बगळ्याच्या आकाराचा काय उपयोग? चोचीच्या रंगानेही निकाल लागत नाही. विणीबाहेर दोघांची चोच पिवळी, विणीत दोघांचीही काळी. मध्यम बगळ्याच्या पिवळ्या चोचीचे टोक बहुधा काळपट असते हे खरे, पण मोठ्या बगळ्याची चोच काळ्याची पिवळी किंवा पिवळ्याची काळी होत असताना तिचेही टोक तसेच दिसते. एवढ्या एका खुणेवर "मध्यम" लिहिलेल्या नोंदी हमखास संशयास्पद असतात.

पक्की खूण आहे जबड्याची रेघ. चोच मिटल्यावर तोंडाच्या कोपऱ्यातून मागे जाणारी गडद रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच संपते. त्यासाठी डोके बरोबर बाजूने दिसले पाहिजे. पक्षी तिरका उभा असेल तर रेघ आहे त्यापेक्षा आखूड भासते, म्हणून तो मान वळवेपर्यंत नजर काढायची नाही. जोडीला दोन गोष्टी तपासा. मोठ्या बगळ्याची मान धडापेक्षा स्पष्ट लांब, मधोमध टोकदार कोन असलेली, आणि कपाळ चपटे, म्हणजे चोच व डोके मिळून एकच लांब पाचर. मध्यमची मान साधारण धडाएवढी आणि बाक मऊ, डोके गोलसर, चोच त्यामानाने आखूड. विणीच्या पिसांतही फरक आहे: लांब जाळीदार पिसे मध्यमच्या पाठीवर आणि छातीवर दोन्हीकडे असतात, मोठ्याच्या फक्त पाठीवर.

किनाऱ्यावर, खाडीत आणि खडकांवर आणखी एक भिडू असतो, समुद्री बगळा. त्याचे करड्या-काळ्या रंगाचे रूप सोपे: सगळे अंग पाटीसारखे आणि गळा पांढरा. पण त्याचे पांढरे रूप छोट्या बगळ्याच्या इतके जवळ जाते की भल्याभल्यांची तारांबळ उडते. समुद्री बगळ्याची चोच जाडसर, किंचित खाली झुकलेली, पिवळट-तपकिरी असते, आणि पिवळा-हिरवट रंग पंजापुरता न राहता नडगीवर वर चढलेला असतो. पण छोट्या बगळ्याच्या पिल्लांच्या पायांवरही तसा हिरवट रंग असू शकतो. म्हणून चोचीची जाडी, चोचीचा बाक आणि पाय या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय निकाल देऊ नये. दोन्ही जातींचा संकर होतो, तेव्हा काही पक्षी कुठल्याच रकान्यात बसणार नाहीत.

पांढऱ्या पक्ष्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन गडद पाणी पाहून चित्र उजळ करते आणि बगळ्याच्या चेहऱ्यावरचे सगळे तपशील पांढऱ्यात विरतात. एक्स्पोजर −२/३ ते −१ ठेवा, म्हणजे जबड्याची रेघ टिकेल. आभाळासमोरच्या घारीसाठी उलटे, +१ किंवा थोडे अधिक. तसे केले नाही तर काळी सावली तेवढी हाती लागते.

पाणकावळे आणि तिरंदाज

हे बगळ्यांपेक्षा लवकर सुटते. चोच सरळ, टोकदार, आकडी नसलेली आणि मान सापासारखी पाण्याबाहेर, म्हणजे तिरंदाज. आकडी असेल तर पाणकावळा. त्यातला छोटा पाणकावळा ५० सेंमीचा, आखूड बुटकी चोच, गोल डोके, लांबसर शेपूट. भारतीय पाणकावळा त्याहून थोडाच मोठा (सुमारे ६३ सेंमी), पण चोच लांब आणि सडपातळ, मान बारीक, डोळा निळा-हिरवा. चांगल्या उजेडात डोळ्याच्या रंगानेच काम भागते. मोठा पाणकावळा ८० ते १०० सेंमी, जाडजूड चोच, गळ्याजवळ पिवळी कातडी आणि तिला लागून पांढरा पट्टा. एकटाच पोहणारा पाणकावळा छोटा की भारतीय असा घोळ पडला, तर आकार विसरून जा आणि चोच डोक्याच्या मानाने किती लांब तेवढेच बघा.

शिक्रा आणि पावशा

दोघे इतके सारखे दिसतात की लहान पक्षीही फसतात. पावशा झाडावर येऊन बसला की शिक्रा आल्यासारखा कलकलाट उठतो. पावशाची अंडी सातभाईंच्या घरट्यात जातात, आणि शिकारी पक्ष्याचे हे सोंग अशा वेळी त्याच्या कामी येते. उडणेही तसेच: भराभर चार-पाच वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचे.

फरक चोचीत आणि पायांत आहे. शिक्र्याची चोच आखूड, मजबूत, मुळापासून खाली वाकलेली आणि मुळाशी पिवळी कातडी. पावशाची चोच बारीक, किंचित वाकडी, पण आकडी नाही. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नख्यांचे. पावशाचे पाय आखूड, दोन बोटे पुढे आणि दोन मागे. डोळ्यावर जाऊ नका, पिवळा डोळा दोघांतही असतो. शिक्र्याचा मोठा नर लालसर डोळ्यांचा असतो, पण मादी आणि पिल्लू पिवळसर डोळ्यांची. पावशाच्या डोळ्याभोवती मात्र पिवळे कडे असते.

पक्षी बसतो कसा, हे लांबूनही दिसते. शिक्रा ताठ बसतो. पावशा आडवा, पंख शेपटीच्या बाजूंना ढिले सोडून बसतो, आणि फांदीवर उतरल्यावर शेपूट वर करून डावी-उजवीकडे हलवतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो बोलू लागतो तेव्हा तर काम सोपेच. "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणत आवाज दर वेळी एक पायरी चढतो आणि टिपेला जाऊन तुटतो. शिक्र्याची हाक दोन तुकड्यांची, कर्कश "टि-ट्यू", थोडी कोतवालासारखी.

पिल्लांत दोघांच्याही छातीवर तपकिरी रेघा किंवा ठिपके असतात. तिथे पुन्हा चोच आणि बसण्याची ढब. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक उभी रेघ असते. ती पिल्लात ठळक, मोठ्यात पुसट, पावशात नसतेच.

शिक्रा ठरला तरी तो युरेशियन ससाणा नव्हे याची खात्री हिवाळ्यात करावी लागते. उडताना पंखांच्या टोकाची बोटांसारखी सुटी पिसे ("बोटे") मोजा: शिक्र्याची ५, युरेशियन ससाण्याची ६. हे डोळ्यांनी क्वचितच जमते, म्हणून वरून जाणाऱ्या पक्ष्याचे एका दमात दहा-पंधरा फोटो काढा. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान.

आभाळातल्या घारी आणि गरुड

घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा तपकिरी पक्षी आधी घार समजा आणि मग "घार का नाही" याची कारणे शोधा. उलट दिशेने, गरुडापासून सुरुवात केली की प्रत्येक घारीत गरुड दिसतो.

घारीची शेपूट दुभंगलेली असते आणि ती सुकाणूसारखी सतत पिरगाळत राहते. ही पिरगाळणी दुसऱ्या कुणात एवढी नसते, आणि ती शेपटीच्या आकारापेक्षाही जास्त भरवशाची आहे. कारण शेपूट पूर्ण पसरली की दुभंग नाहीसा होऊन टोक सरळ दिसते, आणि मधली पिसे गळली असली तर आकारच बदलतो. पंख मनगटापाशी किंचित मोडल्यासारखे, कमानदार.

ब्राह्मणी घारीचे तांबडे-पांढरे मोठे रूप कुणी चुकत नाही. चुकते ते तिचे तपकिरी पिल्लू, जे साध्या घारीसारखेच दिसते. शेपटीचे टोक गोल असेल, पंख आखूड आणि रुंद वाटत असतील, पंखांच्या बोटांच्या बुडाशी फिकट चौकोनी चट्टा असेल तर ते ब्राह्मणी घारीचे पिल्लू.

मधुबाज हा सगळ्यांत बहुरूपी. पोटावर आडवे पट्टे, उभ्या रेघा, एकरंगी तपकिरी, जवळजवळ पांढरे, काहीही असू शकते, तेव्हा अंगाचा रंग पूर्ण सोडून द्या. डोके कबुतराएवढे लहान आणि लांब मानेवर पुढे काढलेले, शेपूट लांब आणि गोलसर टोकाची, तिच्यावर रुंद गडद पट्टे, आणि तरंगताना पंख सपाट. इतर शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांवर हाडाचा उंचवटा असतो, त्याने नजर रागीट वाटते. मधुबाजाचा तो उंचवटा जवळजवळ नसतो आणि डोळ्यापुढची पिसे खवल्यासारखी घट्ट असतात, कारण त्याला मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालायचे असते. त्यामुळे चेहरा सौम्य दिसतो. बसलेला असताना मोरघारीशी गल्लत होते, मधुबाजालाही कधी छोटा तुरा असतो. अशा वेळी पाय पाहा. मोरघारीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, मधुबाजाचे पाय खाली उघडे. मोरघारीचा तुरा लांब आणि उभा.

सर्पगरुड खालून पाहिला की एकदा लक्षात राहिलेला विसरत नाही. पंखांच्या मागच्या कडेला समांतर रुंद पांढरा पट्टा, तसाच शेपटीवर, आणि तरंगताना पंख किंचित वर उचललेले, उथळ इंग्रजी "व्ही"सारखे. बसलेला असेल तर पोटावर पांढरे ठिपके, पाय उघडे पिवळे, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी. याची लांब शीळ आधी ऐकू येते, पक्षी नंतर दिसतो.

तुतवार: धोबी, ठिपकेवाला आणि हिरवा

ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत चिखलाच्या काठाने फिरणारे हे तीन छोटे तपकिरी पक्षी (हिरवा तुतवार तर काही वेळा जुलै-अखेरीसच हजर असतो). तिघेही २० सेंमीच्या आसपास, तिघेही बूड हलवतात. त्यामुळे "शेपूट हलवतो म्हणजे धोबी तुतवार" हे अर्धवट खरे आहे. धोबी तुतवार जवळजवळ न थांबता हलवतो, बाकीचे दोघे अधूनमधून.

बसलेला असताना दंडापाशी पाहा. पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून पाचरीसारखा वर घुसलेला असेल तर तो धोबी तुतवार, दुसरा कुणी नाही. शेपूट पंखांच्या टोकापुढे जाते ही जोडखूण. उडतो तो पाण्याला लागून, ताठर पंख खाली झुकवून, थरथरत, आणि पंखांवर पांढरा पट्टा चमकतो. पुठ्ठा पांढरा नसतो.

पुठ्ठा पांढरा दिसला तर उरले दोन. ठिपकेवाल्या तुतवाराची पाठ भरगच्च फिकट ठिपक्यांची, भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाणारी, पाय लांबसर आणि पिवळट. हिरव्याची पाठ गडद, ठिपके बारीक आणि विरळ, भुवई डोळ्यापुढेच संपणारी, त्याला जोडून डोळ्याभोवती पांढरे कडे, पाय मळकट हिरवे. प्रकाश चांगला नसेल तर हे सगळे विसरा आणि पक्षी उडण्याची वाट पाहा. हिरव्याच्या पंखाची खालची बाजू काळपट असते. वर काळा, खाली काळा आणि मध्ये लख्ख पांढरा पुठ्ठा, म्हणजे मोठी पाकोळीच उडाल्यासारखे वाटते. ठिपकेवाल्याच्या पंखाखाली फिकट राखी. आवाजही वेगळे: हिरव्याचा खणखणीत, चढत जाणारा "ट्लुइट-वीट-वीट", ठिपकेवाल्याचा कोरडा, घाईचा "चिफ-इफ-इफ", धोबीचा बारीक, उतरत जाणारा "ट्वी-वी-वी".

जागाही थोडे सांगते. हिरवा एकटा, ओढ्याच्या अरुंद कोपऱ्यात, गावाच्या सांडपाण्याच्या नाल्यातसुद्धा. ठिपकेवाले भातखाचरात आणि दलदलीत पाच-दहाच्या घोळक्याने. धोबीला दगड आणि बांध आवडतात. पण जागेवरून ओळख ठरवू नका, फक्त शंका घ्यायला तिचा उपयोग करा.

त्याच चिखलावरच्या चिखल्यांचे एका दमात: डोळ्याभोवती पिवळे कडे आणि छातीवर पूर्ण काळा पट्टा म्हणजे कंठेरी चिखल्या. पट्टा मध्ये तुटलेला आणि पाय गडद म्हणजे केंटिश चिखल्या.

झुडपातले लहान पक्षी

शिंपी आणि वटवट्यांची गल्लत शेपटीमुळे होते, दोघेही ती उभी धरतात. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवी, चोच लांब आणि पोट पांढरे. हिरवी पाठ दिसली की वटवट्या बाद. राखी वटवट्याची पाठ राखाडी, पोटाखाली तांबूस-बदामी छटा, आणि उडताना पंखांचा "टिक-टिक" असा ठिणगी उडाल्यासारखा आवाज येतो. साधा वटवट्या फिकट तपकिरी, पांढरट भुवईचा, गवताळ आणि ओलसर जागी. रानवटवट्या त्याच्यासारखाच, पण मोठा, गडद, जाड चोचीचा, भुवई पुसट आणि आवड झुडपी टेकड्यांची.

हिवाळ्यातले हिरवट पर्णवटवटे हा वेगळाच विषय आहे. पहिली दोन वर्षे त्यांची नावे न लिहिता फक्त आवाज लक्षात ठेवा. पान हलण्याआधी त्यांची हाक ऐकू येते आणि जाती वेगळ्या करायला पंखावरच्या पट्ट्यापेक्षा ती हाक जास्त कामाची. पंखावरचा तो पट्टा पिसे झिजली की पुसला जातो.

शिंजिरांच्या माद्या सगळ्यांना सारख्या वाटतात. जांभळ्या शिंजिराची मादी गळ्यापासून पोटापर्यंत एकसारखी पिवळट. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराच्या मादीचा गळा राखट-पांढरा आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो, बगला पांढरट. म्हणजे गळा आणि छातीच्या सीमेवर रंग बदलतो का, एवढेच पाहायचे. गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध गडद रेघ असलेली "मादी" दिसली तर ती मादी नाही, विणीबाहेरच्या पिसाऱ्यातला जांभळ्या शिंजिराचा नर आहे.

कोतवालाची एक चूक सतत होते. पोटावर पांढरे दिसले की "पांढऱ्या पोटाचा कोतवाल" लिहिले जाते. काळ्या कोतवालाच्या पिल्लांच्या पोटावरही पांढरट खवले असतात, पण ते विस्कळीत, काळ्यात मिसळलेले. पांढऱ्या पोटाच्या कोतवालाचे पोट आणि बूड स्वच्छ पांढरे असते, गळा-छाती राखी, आणि तो झाडीत राहतो. तारेवर, उघड्या शेतात बसलेला खवल्या-पोटाचा कोतवाल पिल्लूच समजावा. राखी कोतवाल खालूनही राखाडी, डोळा लाल. हिवाळ्यात जंगलात सापडतो.

आवाज, ॲप आणि अपुरी ओळख

मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून नावे सुचवतात आणि ती सूचना म्हणून चांगली आहेत. त्यांच्या यादीत आलेले नाव डोळ्यांनी पाहिलेल्या खुणांशी जुळले तरच वहीत लिहा. कोतवाल शिक्र्याची नक्कल हुबेहूब करतो, इतरही काही पक्षी नकला करतात, आणि ॲपला ते कळेलच असे नाही. मोबाइलवरून पक्ष्याची हाक वाजवून त्याला बाहेर काढणे विणीच्या हंगामात टाळा. तो घरटे सोडून भांडायला येतो आणि अंडी उघडी पडतात.

नाव पटले नाही तर ते अर्धे लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, जे कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीने २००२ साली सुरू केले, "मोठा/मध्यम बगळा" अशा जोडनावाची आणि नुसत्या गटाच्या नावाची सोय आहे. "तुतवार, जात अनिश्चित" ही नोंद चुकीच्या पक्क्या नावापेक्षा उपयोगी, कारण ती पुढे दुरुस्त करता येते. चुकीचे नाव मात्र नकाशावर जाऊन बसते आणि दुसऱ्या कुणाला फसवते.

अनिश्चित पक्ष्याचे फोटो काढायचे तर सुंदर फोटोचा नाद सोडा. बगळ्याचे डोके अगदी बाजूने आणि चोच मिटलेली, तुतवाराचा दंड आणि उडतानाचा पुठ्ठा, शिकारी पक्ष्याचे पंख पूर्ण पसरलेले असताना खालून, वटवट्याची शेपूट खालच्या बाजूने. धूसर का असेना, या चार कोनांतला एक फोटो मिळाला की घरी बसून निकाल लागतो.